छेदातला तीन

गुंडप्पा सरांनी उभ्या हयातीत वर्गात पुस्तक नेलं नाही. हातात एक खडू, खिशात दुसरा, झालं. मुखेड तालुक्यात गणिताचे मास्तर काही कमी नव्हते, पण बाकीचे डाव्या हातात गाईड धरून उजव्या हातानं फळा भरायचे. गुंडप्पा सर डावा हात पाठीमागं ठेवायचे. 'आमचे सर पुस्तक उघडत नसतेत,' ही गोष्ट पोरं बाहेर अशा तोऱ्यात सांगायची, जणू ते पुस्तक यांनीच मिटवलंय. सरांच्या कानावर ते जायचं. वरवर ते दुर्लक्ष करायचे आणि आतून फुलायचे. माणसाला कशाचा तरी ताठा असतोच. कुणाला जमिनीचा असतो, कुणाला खानदानाचा. सरांना त्या रिकाम्या डाव्या हाताचा होता. त्याच हातानं पुढं घात केला.

सर मूळचे देगलूरकडचे. घरात आईची जबान कन्नड, शाळा मराठी. नोकरी लागली ती मुखेडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, आणि तिथंच केस पांढरे झाले. अकरावी-बारावीचं सगळं गणित ते शिकवायचे, पण जीव अडकला होता एकाच ठिकाणी. बारावीच्या पुस्तकात 'लिमिट ऑफ सम' म्हणून एक भाग आहे. वाकड्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढायचं असतं. सरळ रेषेचं कुणीही काढील, वाकडीचं कसं काढणार? मग त्या आकृतीच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या, एकेका पट्टीचं क्षेत्रफळ मांडायचं, सगळ्यांची सूत्रानं बेरीज करायची, आणि शेवटी पट्ट्या बारीक बारीक करत न्यायच्या. जे उत्तर उरतं ते खरं क्षेत्रफळ. पुढच्याच पाठात हेच उत्तर दोन ओळींत काढायची रीत येते, म्हणून सगळे मास्तर हा भाग उरकून टाकतात. गुंडप्पा सर मात्र आठ-आठ दिवस तिथंच मुक्काम ठोकायचे.

त्या बेरजेला वर्गांच्या बेरजेचं सूत्र लागतं. एकाचा वर्ग, दोनाचा वर्ग, तिनाचा, असं एनपर्यंत. सर ते सूत्र सांगायच्या आदल्या दिवशी बाजारातून पिशवीभर मोसंबी आणायचे आणि टेबलावर ढीग रचायचे. खाली सोळा, त्यावर नऊ, त्यावर चार, शेंड्याला एक. 'मोजा,' म्हणायचे. तीस भरायची. मग फळ्यावर सूत्र लिहायचे: एन, गुणिले एन अधिक एक, गुणिले दोन एन अधिक एक, छेद सहा. चार पंचे वीस, त्याला नवानं गुणलं की एकशे ऐंशी, भागिले सहा, तीस. पोरांचे डोळे चमकायचे, अर्धे सूत्रानं आणि अर्धे मोसंबीनं, कारण तास संपल्यावर ढीग वर्गाचाच असायचा.

सरांची दोन वाक्यं गावोगावच्या पोरांच्या तोंडी बसली होती. पहिलं: 'आधी बेरीज, मग लिमिट.' कारण उतावळी पोरं पट्ट्यांची बेरीज करायच्या आधीच त्या बारीक करून टाकतात. मग एकेक पट्टी शून्य होते आणि सगळं क्षेत्रफळ शून्य. दुसरं वाक्य असं: 'सूत्राची खात्री वाटंना तर एनच्या जागी एक टाकून बघा. एकाला एकच आलं पाहिजे. पुस्तकावर भरवसा ठेवू नका, माझ्यावर बी ठेवू नका.' या शेवटच्या तुकड्यावर वर्ग हसायचा. सरांवर भरवसा ठेवायचा नाही म्हणजे काय, सूर्यावर ठेवायचा नाही?

मध्यंतरी लातूरच्या एका क्लासवाल्यानं त्यांना बोलावून नेलं होतं. रस्त्यानं दोन्ही बाजूंना पोरांचे फोटो आणि मार्क लावलेले फलक, एसीची खोली, पांढरा फळा. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, 'सर, ते बेरजेचं सोडा. एंट्रन्सला लागत न्हाई. डायरेक्ट उत्तराची रीत घ्या.' सर म्हणाले, 'बेरजेला वेळ न्हाई म्हणता, मंग इंटिग्रल कशाचं काढून राहिलात? इंटिग्रल म्हंजे बेरीजच की.' आणि संध्याकाळच्या गाडीनं मुखेडला परत आले. असा माणूस होता. वागायला गोड, पण शिकवण्याच्या बाबतीत हटवादी.

आणि मग विसरणं सुरू झालं.

आधी नावं गेली. ते काय, सगळ्यांचीच जातात. मग एकदा नांदेडच्या बसस्टँडवर उतरल्यावर आपण इथं कशाला आलोत हेच आठवेना, म्हणून सर बाकावर बसून राहिले आणि शेवटी आल्या गाडीनं परत फिरले. घरी सिंधुबाईंना सांगितलं, काम झालं. काम होतं दाताच्या डॉक्टरचं, आणि गाल तसाच सुजलेला होता. सिंधुबाई काही अडाणी नव्हत्या. त्यांनीच हट्ट धरून त्यांना नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं चित्रं काढून घेतली, शब्द म्हणवून घेतले, आणि गोळ्या लिहून देत सांगितलं की विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, हळूहळू वाढेल.

येताना गाडीत सर एकच वाक्य बोलले, 'कुणाला सांगायचं न्हाई.'

निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. सिंधुबाई रोज सकाळी डबा देताना म्हणायच्या, 'आवो, पुस्तक तरी न्या हातात. कुणी फाशी देतंय का?'

'पुस्तक घिऊन गेलो की पोरं म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं गेलं.'

'म्हणू द्या की. गेलंच हाय थोडं.'

यावर सर हसायचे, पण पुस्तक न्यायचे नाहीत. सिंधुबाईंना मात्र हसू येत नव्हतं. नवरा दार ओढून गेला की त्या उंबऱ्यात उभ्या राहून तो बरोबर रस्त्याला वळतो का हे बघायच्या.

डिसेंबरात येळवशीच्या आदल्या दिवशी सरांनी 'लिमिट ऑफ सम' घेतलं. येळवस म्हणजे आपल्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात, आंबील आणि शेंगा-भाज्यांची भज्जी घेऊन. आदल्या दिवशीचा शेवटचा तास, त्यामुळं पोरांचं अर्धं चित्त आधीच शेतात गेलेलं. या वर्षी मोसंबी आणायची राहून गेली होती. सरांनी नेहमीचं उदाहरण घेतलं, एक्सचा वर्ग, शून्यापासून दोनापर्यंत. पट्टीची रुंदी दोन छेद एन. एकेक पायरी झरझर उतरली. आठ छेद एनचा घन, आणि पुढं वर्गांची बेरीज. तिथं हात थांबला.

पुढं काही नव्हतं. सूत्र ज्या जागी असायचं ती जागाच रिकामी होती. सर घाबरले नाहीत, निदान लगेच तरी नाही. सूत्र विसरलं तर तयार करता येतं, हे त्यांनीच हजारदा सांगितलेलं. घनांच्या वजाबाकीनं ते निघतं. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात सुरुवात केली, दोन ओळी गेल्या, तिसरीत वाट चुकली. पुसलं. पुन्हा मांडलं. पाठीमागं कुणीतरी दप्तराची चेन ओढली. कानशिलं गरम झाली. पुस्तक असतं तर एक पान उलटायचं होतं. समोरच्या बाकावर पुस्तक होतंही, पण ते मागायचं म्हणजे तीस वर्षांवर पाणी सोडायचं.

घंटा झाली. सरांनी जे हाताला आलं ते लिहिलं: एन, एन अधिक एक, दोन एन अधिक एक, छेद तीन. उत्तर त्यांना पाठ होतं, दोन ओळींच्या रीतीनं केव्हाही येतं: आठ छेद तीन. तेही लिहून टाकलं. वरच्या पायरीवरून खालचं उत्तर येतच नव्हतं, सोळा छेद तीन येत होतं. एनच्या जागी एक टाकला असता तर एकाला दोन आले असते. सरांनी टाकला नाही. पोरांनीही टाकला नाही. सरांनी फळ्यावर लिहिलं म्हणजे ते देवानंच लिहिलं.

'आलं ध्यानात?' सरांनी विचारलं.

'हाव सर,' वर्ग म्हणाला, आणि येळवशीला पळाला.

संध्याकाळी सिंधुबाई भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सर येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, 'आज फळ्यावर अडकलो सिंधु. काहीतरी चुकीचं लिहून आलो वाटतं. सुट्टी झाल्यावर बघतो.' सुट्टी झाली. सर ते विसरले.

फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर झाला आणि नेमकं तेच उदाहरण आलं. शून्यापासून दोनापर्यंत, एक्सचा वर्ग. पोरं बाहेर आली ती नाचतच. 'सरांचंच गणित आलं!' त्या दिवशी सरांना कुणीतरी पेढाही दिला.

एप्रिलच्या उन्हात कॉलेजला पत्र आलं. त्या वर्गातल्या जवळपास सगळ्या पोरांना लातूरला मंडळाच्या कार्यालयात चौकशीसाठी बोलावलं होतं. सामूहिक कॉपीचा संशय. एकाच कॉलेजच्या पंचवीस-तीस पेपरांत एकच चूक, तीही अशी की पायरी चुकलेली आणि उत्तर बरोबर. स्वतः सोडवणाऱ्याची पायरी चुकली तर उत्तर चुकतं. पायरी चुकून उत्तर बरोबर येतं ते चिठ्ठीवरून उतरवणाऱ्याचं. तपासणाऱ्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. संशय खरा ठरला तर निकाल रद्द, आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी.

प्राचार्यांनी पोरांना बोलावून विचारलं. पोरं खाली मान घालून उभी राहिली. 'कसं झालं ठाव न्हाई सर,' एवढंच सगळ्यांनी सांगितलं. सरांनी असं शिकवलं, हे एकाच्याही तोंडून बाहेर पडलं नाही. गुंडप्पा सर त्याच खोलीत बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, चूक वाचली आणि तळमळून म्हणाले, 'छेदात तीन? आरे, तीन कुठून आणला रं तुमी?' पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

घरी येऊन सरांनी जेवता जेवता ही हकीकत सांगितली. पोरांवर चिडलेही. 'एवढं शिकवलं, आन् चिठ्ठी घिऊन बसले! माझ्या इज्जतीचा पंचनामा केला लेकरांनी.'

सिंधुबाईंचा हात परातीत थांबला. त्यांना तुरीच्या शेंगा आठवल्या, आणि त्या संध्याकाळचं वाक्य आठवलं. सांगावं की गिळून टाकावं? गिळलं असतं तर नवऱ्याची शान राहत होती. वर्षाचे शेवटचे दिवस निघून गेले असते, हार-नारळ देऊन कॉलेजनं निरोप दिला असता. त्यांना ते सगळं हवं होतं. नको कशाला म्हणतील? पण पिराजीची ज्ञानेश्वरी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. याच गल्लीच्या टोकाची, सरांच्याच वर्गातली पोरगी, नांदेडला इंजिनिअरिंगला जायचं म्हणून दिवसरात्र घासत होती, आणि दुपारीच बापासोबत रडत जाताना दिसली होती.

'आवो,' त्या म्हणाल्या, 'चिठ्ठी न्हवती ती. तुमी होता.'

आणि त्यांनी ती संध्याकाळ सांगितली. सरांना त्यातलं काही आठवेना. फळा आठवेना, तास आठवेना. फक्त कानशिलं गरम झाल्याचं कुठंतरी अंधुक होतं. ताटावरून उठून ते ज्ञानेश्वरीच्या घरी गेले. पोरीनं आधी त्यांना पाणी आणून दिलं. मग हळूच म्हणाली, 'हाव सर. फळ्यावर तीनच होतं.'

न आठवणारा गुन्हा कबूल करायचा म्हणजे काय, हे त्या रात्री सरांना कळलं. दुसऱ्यांच्या साक्षीवर स्वतःला दोषी धरायचं. झोप लागली नाही. सकाळी ते सिंधुबाईंना म्हणाले, 'लातूरला मी जातो. माझं चुकलं म्हणून सांगतो. पण आजाराचं काढायचं न्हाई, आन् डॉक्टरचे कागद घ्यायचे न्हाईत.' सिंधुबाई 'बरं' म्हणाल्या आणि सोबत निघाल्या. ते एकटे गेले तर लातूरला पोचतील याचीच त्यांना खात्री नव्हती.

लातूरच्या त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात पोरं आणि त्यांचे आईबाप ओळीनं बसले होते. एकेकाला आत बोलावत होते. ज्ञानेश्वरीची पाळी होती तेव्हा सर शिपायाला न जुमानता आत शिरले. टेबलामागं समितीच्या मॅडम होत्या, स्वतः गणिताच्या. पोरगी समोर उभी, कोर्टात उभी असावी तशी.

'मॅडम, लेकरांचा कसूर न्हाई,' सर म्हणाले. 'मी वर्गात असंच शिकवलं. माझी चूक हाय.'

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. नाव ऐकून त्या थोड्या सावरून बसल्या. गुंडप्पा सरांचे विद्यार्थी लातुरातही होते. 'सर,' त्या म्हणाल्या, 'पोरांसाठी तुमचा जीव तुटतोय हे मला समजतं. पोरांनी वह्याही आणल्यात. पण वह्या एका रात्रीत लिहून होतात. तुमच्यासारखा माणूस सहाच्या जागी तीन लिहील, आणि खाली उत्तर मात्र बरोबर लिहील, हे कोण मानेल? मी तर तुमच्याबद्दल असं ऐकलंय की तुम्ही पुस्तकच नेत नाही.'

ज्या कीर्तीसाठी सगळं केलं, तीच आता आडवी आली होती. कच्चा मास्तर असता तर त्याची चूक लगेच पटली असती.

'घाईत झालं,' सर पुटपुटले.

'मग एकदा करून दाखवा. तुम्ही कसं शिकवता तेवढंच बघते.' मॅडमनी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडं बोट केलं. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांना बहुतेक सरांना मानानं परत पाठवायचं होतं.

सर उठले. डावा हात आपोआप पाठीमागं गेला. शून्य ते दोन, एक्सचा वर्ग. पट्टीची रुंदी दोन छेद एन. पेन सरसर चाललं. आज बरोबर आलं तर पोरं बुडाली. चुकलं तर आपण. काय मागावं हे त्यांना कळेना. तीस वर्षांत फळ्यासमोर उभं राहून चूक व्हावी अशी इच्छा त्यांनी कधी केली नव्हती. मुद्दाम तीन लिहावा असंही मनात आलं, पण मुद्दाम चुकीचं लिहायला हात धजेना. आठ छेद एनचा घन. वर्गांची बेरीज. बरोबर.

तिथं पेन थांबलं.

थांबलं ते थांबलंच. सरांनी कोपऱ्यात घनांची वजाबाकी मांडली, तळव्यानं पुसली, पुन्हा मांडली. तळवा निळा झाला. मॅडम आधी पाठीला टेकून बसल्या होत्या, त्या हळूहळू पुढं सरकल्या. सरांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि ज्ञानेश्वरीला तो दिसत होता. तिला ते बघवेना.

'सर,' ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, 'सहा.'

'हाव, सहा,' सर म्हणाले. वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या पोराकडं बघून हलवायचे तशी मान हलवली. 'शाब्बास. सहा.' आणि त्यांनी छेदात तीन लिहिला. खाली एका दमात लिहिलं, आठ छेद तीन. मग वळून, हसऱ्या चेहऱ्यानं विचारलं, 'आलं ध्यानात?'

कुणी 'हाव' म्हणालं नाही. मॅडमच्या हातातलं पेन टेबलावर पडलं होतं. ज्ञानेश्वरी ओढणीनं तोंड दाबून रडत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं, मग फळ्याकडं. कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मग जुन्या सवयीनं ते स्वतःशीच पुटपुटले. 'एनच्या जागी एक. एक, गुणिले दोन, गुणिले तीन, छेद तीन...' बोट आकड्यांवरून फिरलं. 'दोन. एकाला दोन येऊन राहिले.'

त्यांनी त्या तीनखाली रेघ ओढली.

'चुकलंय मॅडम हे,' ते शेवटी म्हणाले. 'मला विसरायचा आजार झालाय. वर्ष होत आलं. मी लपवून ठिवलं. पुस्तक नेलं असतं तर लेकरांवर ही पाळी आली नसती, पण मला लाज वाटली. बास, येवढंच हाय.'

मॅडम उठून आल्या आणि त्यांनी सरांच्या हातातून पेन हळूच काढून घेतलं. चौकशी त्यांनी तिथंच थांबवली. कॉपी नाही असा शेरा जाईल, पोरांचे त्या पायरीचे मार्क तेवढे कटतील, बाकी निकाल सगळ्यांसोबत लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग दाराशी येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, 'सर, आता वर्गावर जाऊ नका.'

'न्हाई जात,' सर म्हणाले.

बाहेर पोरांना कळलं तेव्हा आरडाओरडा व्हायला हवा होता. झाला नाही. दाराच्या काचेतून त्यांनी सगळं बघितलं होतं. एकेक जण आला, सरांच्या पाया पडला आणि बाजूला झाला. सरांना ते असह्य झालं. नालायक म्हणून बोलले असते तर बरं वाटलं असतं, असं ते सिंधुबाईंना म्हणाले.

परतीच्या एसटीत तिघांच्या बाकावर खिडकीशी सिंधुबाई, मध्ये सर आणि कडेला ज्ञानेश्वरी. तिचा बाप पिराजी मागच्या बाकावर घोरत होता. चाकूर मागं पडलं. मग सरांनी विचारलं, 'पोरी, तिथं तू सहा म्हणालीस. तुला ठाऊक होतं का?'

'हाव सर.'

'कवापासून?'

'येळवशीपासून. रानात बसून एनच्या जागी एक टाकून बघितला. दोन आले. मंग वहीच्या मागं सगळं काढलं. सहाच येत होतं.'

'मंग पेपरात तीन कामून लिहिलास?'

पोरगी ओढणीचं टोक पिळत राहिली. 'मला वाटलं माझंच चुकलं असंल,' ती म्हणाली. 'तुमी लिहिलं होतं न सर.'

फळ्यावर अडकले तेव्हा सरांना लाज वाटली होती, पण हे लाजेच्या पलीकडचं होतं. माझ्यावरही भरवसा ठेवू नका, हे त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, आणि डावा हात पाठीमागं ठेवून वर्षानुवर्षं त्याच्या उलट शिकवलं. या पोरीनं बेरीज बरोबर केली होती, पडताळून बघितली होती, आणि तरी सरांच्या अक्षरापुढं ती खोडून टाकली होती. आजारानं सूत्र नेलं, ते ठीक. हे मात्र धडधाकट असताना केलेलं काम होतं. त्यांचे डोळे भरून आले. सिंधुबाईंनी खिडकीबाहेर बघत त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अहमदपूरला गाडी थांबली. सरांनी चहा घेतला, उसाच्या रसाच्या गाड्यावरच्या घुंगराकडं बघत बसले. गाडी सुटली तसा वारा आत आला आणि चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. जांबच्या अलीकडं ते ज्ञानेश्वरीकडं वळले आणि अगदी सहज, पहिल्यांदाच विचारावं तसं म्हणाले, 'पोरी, तिथं तू सहा म्हणालीस. तुला ठाऊक होतं का?'

ज्ञानेश्वरीनं चमकून त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या पलीकडं सिंधुबाईंकडं. सिंधुबाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या.

'न्हाई सर,' ती म्हणाली. 'मला ठाऊक नव्हतं. तिथं मॅडमच्या टेबलावर पुस्तक उघडं होतं, त्यात दिसलं.'

'असं व्हय.' सरांनी मोठा श्वास सोडला आणि पाठ टेकली. 'बरं झालं माय. ठाऊक असून तीन लिहिला असतास, तर माझं सगळं शिकवणं वाया गेलं असतं.'

थोड्या वेळानं त्यांना आणखी काही आठवलं. 'घरी गेलीस की एक काम कर,' ते म्हणाले. 'एनच्या जागी एक टाकून बघ. माझ्यावर भरवसा ठिवू नको.'

'हाव सर,' ज्ञानेश्वरी म्हणाली. 'टाकून बघते.'